दूधवाल्याच्या लेकीचं ताट

सोमवार, हॉटेल

निघताना हिने ही वही माझ्या हातात कोंबली. "तिकडे कुणावर चिडलात तर यात लिहा, पोरीचं डोकं खाऊ नका," म्हणाली. ही म्हणजे बायको. गुडघ्यांमुळे ती आली नाही, आणि मागे डेअरी बघायला कुणीतरी हवंच होतं.

तर लिहितो. पहिल्याच दिवशी लिहायला रग्गड आहे.

विमानतळावर सामान तपासणाऱ्या अधिकाऱ्याने माझी खाण्याची पिशवी उघडली. हातमोजे घातलेल्या दोन बोटांनी तुपाचा डबा असा उचलला, जसा काही मेलेला उंदीर शेपटीला धरलाय. दूध आणि दुधाचे पदार्थ त्यांच्या देशात आणायचे नाहीत. का, तर रोगराई येते! आमच्या डेअरीच्या तुपातून रोगराई! सगळ्या पंचक्रोशीतली बाळंतिणी-बाळं ज्या तुपावर उभी राहिली, ते तूप त्या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मागोमाग पेढे. मागोमाग हिने दोन दिवस खपून केलेले तुपातले लाडू आणि खव्याच्या पोळ्या.

"बाबा, मी सांगितलं होतं, हे नेऊ नका," ठकी म्हणाली.

सांगितलं होतं, खरं आहे. पण आपलं बरोबर निघालं की ते लगेच बोलून दाखवलंच पाहिजे का?

वर कहर म्हणजे ठकीचे शेंगदाणा-गुळाचे लाडू त्यांनी सोडले! त्यात तूप नाही ना. अधिकारी त्या लाडवांकडे बघून हसलासुद्धा.

ठकी म्हणजे माझी एकुलती एक लेक. तिशीला आली. शहरात कॉम्प्युटरवर नोकरी करते. गेली दोन वर्षं ती व्हीगन झाली आहे. मांस, मच्छी, अंडं तर आमच्या घराण्यात कुणी शिवलेलं नाही. ठकीने त्यापुढे जाऊन दूध, दही, ताक, लोणी, तूप सगळं सोडलं. डेअरीवाल्याच्या पोरीने! गावात माझं हसं झालं. न्हाव्याने दाढी करता करता विचारलं, "शेठ, तुमच्या दुधात असं काय निघालं हो, की घरचीच पोरगी पिईना?" मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो.

ही सहल तिने माझ्या साठीसाठी काढली. मी हो म्हटलं त्याला कारण आहे. दहा दिवस ती माझ्या तावडीत आहे. नोकरी सोड, घरी ये, डेअरी हातात घे, हे मला तिच्या गळी उतरवायचंय. योग्य वेळ बघून बोलणार.

मंगळवार

सकाळचा नाश्ता हॉटेलात फुकट आहे. फुकट असूनही महाग पडला. मांडलेल्या भांड्यांत अंडी, मांसाच्या पट्ट्या, आणखी कसलं तरी मांस आणि शेवटी पाव. एक माणूस चिमट्याने मांस उचलत होता आणि त्याच चिमट्याने पाव. मी ताटली तिथेच आपटली. मशीनमधून दूध घेतलं. ते दूध म्हणजे! कॅन विसळलेलं पाणी आमच्याकडे याहून दाट निघतं.

ठकीने बिनदुधाचा चहा घेतला आणि सोललेलं केळं. "छान आहे," म्हणाली. ढोंग.

दुपारी एका खाणावळीत गेलो. ठकीने वाढप्याला तीन-तीनदा विचारलं. मांस नाही? नाही. मासे? नाही. भाज्यांचं सूप आहे, म्हणाला. आलं, हिरवंगार. मी दोन चमचे घेतले आणि चव बरी लागली म्हणून तसं बोललोही. मग ठकीला काय सुचलं कोण जाणे, तिने पुन्हा विचारलं, पाणी कसलं वापरलंय? तर म्हणे हाडं उकळलेलं!

मी मोरीत जाऊन चूळ भरून भरून तोंड सोलवटून घेतलं. बाहेर येऊन त्या वाढप्याला विचारलं, "हाडं काय झाडाला लागतात रे तुमच्याकडे?" त्याला अर्थातच काही कळलं नाही. ठकीने भाषांतर करायला नकार दिला.

गुरुवार

काल लिहिलं नाही. लिहिण्याच्या अवस्थेत नव्हतो.

काल रेल्वेने डोंगरावरचा किल्ला बघायला निघालो. मी सकाळी मधुमेहाची गोळी घेतली आणि नाश्त्याला पुन्हा तोच चिमटा बघून रागारागात न खाता निघालो. ठकीने तिचा शेंगदाण्याचा लाडू पुढे केला. "तुझं तुलाच लखलाभ," म्हटलं. नको तिथे मान आड येतो माणसाच्या, पण माझाही इलाज नव्हता.

मधल्या एका स्टेशनवर गाडी बदलायची होती. उतरलो आणि हातापायांतलं त्राणच गेलं. घाम सुटला, डोळ्यांपुढे काजवे. ठकीने मला बाकावर टेकवलं. कुठून तरी गोड सरबताची बाटली आणून पाजली. पोटात काहीतरी घन जायला हवं म्हणाली आणि समोरच्या टपरीवजा दुकानाकडे पळाली.

आता ऐका. बाप इथे बाकावर आडवा पडायच्या बेतात, आणि ही बया दुकानाच्या काचेसमोर नुसती उभी! विकणारीला काहीतरी विचारते, ती मान हलवते. ही पुन्हा विचारते, ती पुन्हा हलवते. ही काचेवर हात ठेवून उभीच. खरेदीला आलीय का साड्यांच्या? हाक मारायला माझ्या तोंडातून आवाज फुटेना.

शेवटी भरलेला पाव घेऊन आली. आत काय आहे म्हणून मी उघडून बघितला, तर चीज! पिवळंधमक, जाड काप.

"शेवटी दूधच आलं ना धावून?" मी म्हटलं. एवढ्या अवस्थेतही म्हटलं.

"खा बाबा," ती म्हणाली आणि तोंड फिरवून रुळांकडे बघत बसली. मी शेवटचा तुकडा खाईपर्यंत एकदाही वळून बघितलं नाही. लाज वाटली असणार. वाटू दे. जे टाकून दिलं त्यानेच बाप वाचवला.

चव झकास होती. किल्ला मात्र राहिला.

शुक्रवार

माझा प्रश्न सुटला. पाव आणि चीज. दोन्ही वेळा. मांसाच्या या राज्यात दूधवाला दुधावरच तरणार.

पण ठकीने यातही खोडा घालायला सुरुवात केली आहे. दुकानात चीज घ्यायला गेलो की ती एकेक पाकीट उचलते, मागची बारीक अक्षरं मोबाइलवर ताडून बघते, परत ठेवते, दुसरं उचलते. मी ताटकळत उभा राहून कंटाळतो. अगं, तुला खायचं नाही ना, मग एवढी कशाची पारख करतेस? आणि नाश्त्याला मी हॉटेलातलं चीज घेतलं की ते माझ्या ताटलीतून काढून घेते आणि आपल्या पिशवीतलं ठेवते. "ते शिळं आहे, बाबा." शिळं? मला सांगते? दुधाचं शिळं-ताजं मला!

संध्याकाळी हिचा फोन आला. दुधाने कसा जीव वाचवला ते मी रंगवून सांगितलं.

"आणि ठकी काय खाते?" हिने विचारलं.

"मला काय माहीत. खाते काहीतरी."

"बघा जरा."

काय बघायचंय? घोड्याएवढी झाली.

रविवार

आज जे झालं ते लिहिताना पेन कागदात रुततंय.

हॉटेलच्या काउंटरवर एका चीज बनवणाऱ्याचं रंगीत पत्रक होतं. गावाबाहेर गोठा आणि कारखाना, पाहुण्यांना दाखवतात. मी म्हटलं, इथे जायचं. ठकीचं तोंड उतरलं. "त्यापेक्षा मोठी बाग आहे, ती बघू." "बागा तू बघ. माझ्या धंद्याचं एक तरी बघू दे." तिने पाय दुखतात सांगितलं, मग पाऊस येईल सांगितलं. आभाळ निरभ्र. शेवटी आली.

आणि खरं सांगतो, घर सोडल्यापासून तिथे पहिल्यांदा जिवाला बरं वाटलं. शेणाचा वास आला आणि छाती भरून आली. चीजवाला माझ्याच वयाचा, आडव्या अंगाचा, पायात माझ्यासारखेच रबरी बूट. हात मिळवला तर तळव्याला घट्टे, जिथे मला आहेत तिथेच. मी ठकीला म्हटलं, "याला सांग, मीसुद्धा दूधवालाच." तिने सांगितल्यावर त्याने मला मिठी मारली. तो दूध तापवत होता. मी करंगळी बुडवून बघितलं आणि मान डोलावली, तोही हसला. दोन दूधवाल्यांना बोलायला भाषा कशाला लागते!

मग त्याने एका तपकिरी बाटलीतून चमचाभर काहीतरी दुधात सोडलं.

"विरजण?" मी विचारलं.

"हं. तसंच काहीतरी," ठकी म्हणाली.

मला एवढा रस आहे बघून तो मला भिंतीपाशी घेऊन गेला. तिथे काचेच्या चौकटीत काहीतरी वाळलेलं, पिवळट, हवा गेलेल्या फुग्यासारखं लावलं होतं. त्यावर बोट ठेवून तो अभिमानाने बोलला. मी ठकीकडे बघितलं.

"काय म्हणतो?"

ती दाराकडे बघू लागली. तो पुन्हा बोलला.

"बाबा, चला ना आता."

त्या भल्या माणसाला वाटलं, पोरीला शब्द सापडत नाही. मग त्याने स्वतःच समजावलं. हात जमिनीपासून गुडघ्याएवढा धरून दाखवला, एवढंसं, लहान. मग आपल्या पोटावर दोनदा थापटलं, त्या वाळलेल्या पिशवीकडे बोट केलं. आणि मान वर करून ओरडला. म्हँऽऽ.

आईला लुचू बघणाऱ्या वासराचा आवाज. हुबेहूब. जन्मभर मी तो पहाटे ऐकत आलोय.

वासराच्या पोटातली पिशवी. त्याच्या रसाने दूध फाडतात. आणि मी चीज खात होतो.

ठकीकडे वळलो. तिला विचारायची गरजच नव्हती, तोंडावर सगळं लिहिलं होतं. मी त्या माणसाचा निरोपही न घेता बाहेर आलो. ती मागून पळत आली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"स्टेशनवर? तेव्हासुद्धा?"

"त्या विकणारीला विचारलं मी. ती म्हणाली तसलंच आहे. बाकी सगळ्या पावांत मांस होतं, बाबा."

"मग कोरडा पाव आणायचास!"

"कोरडा नव्हता. त्या काचेत जे होतं तेच होतं. तुम्ही पांढरेफटक पडला होतात."

"मेलो असतो तरी चाललं असतं!"

"मला नसतं चाललं."

"आणि त्यानंतर रोज जे चारलंस ते?"

"ते सगळं वाचून घेतलं होतं. त्यात दूध फाडायला प्राण्याचा रस वापरला नव्हता. म्हणून तर तुमच्या ताटलीतलं काढून घेत होते. ते एकदाच झालं, बाबा. एकदाच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा उपाशी राहिला असता. गोळ्या घेऊन. घरी गेल्यावर सांगणार होते."

"तू मला बाटवलंस," मी म्हणालो. भर रस्त्यात, मोठ्याने. कुत्रं फिरवणारी एक बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेली. "जगाला शहाणपण शिकवतेस. माझ्या दुधाला नावं ठेवतेस. आणि सख्ख्या बापाला हे चारतेस!"

तेव्हा तीही चिडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. "वासराचा एवढा कळवळा आहे ना, बाबा? मग आपल्या गोठ्यात नर रेडकू जन्मलं की त्याचं काय—"

"गप्प बस!"

ती पुढे चालू लागली.

तो विषय या वहीत लिहायचा नाही.

सोमवार

बोलणं बंद. मी खिडकीशी, ती पलंगावर. जेवायला खाली गेलो नाही. पोट पाठीला लागल्यावर तिचे शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. भुकेपोटी, आवडले म्हणून नव्हे. डबा जवळजवळ भरलेलाच होता. म्हणजे तिनेही ते खाल्लेले नाहीत, माझ्यासाठी राखून ठेवले. कुणी सांगितलं होतं?

हिचा फोन आला तेव्हा सगळं सांगून टाकलं. वाटलं, निदान ही तरी माझ्यासारखी भडकेल.

"थांबा," ही म्हणाली. "म्हणजे त्यानंतर रोज दुकानात जाऊन तिने ते चीज स्वतः हाताळून, वाचून तुमच्यासाठी घेतलं?"

"तुला ऐकू काय येतंय? मला बाटवलं म्हणतोय मी!"

"येतंय ऐकू. घरात ताक घुसळलं की ही पोरगी अंगणात जाऊन बसते."

"तू कुणाच्या बाजूची?"

"मी उपाशी माणसाच्या बाजूची. तिथे दोघं आहेत."

फोन ठेवला. हिच्यावरही चिडलो.

मंगळवार

बाजारातून ठकी गाजरं, काकडी, शेंगदाणे आणि पाव घेऊन आली. चीज नाही. मी खाल्लं. ती म्हणाली, "सॉरी." मी "हं" म्हटलं. हं म्हणजे माफ केलं असं नाही.

आज तिच्याकडे नीट बघितलं. गळ्याची हाडं वर आलीत. येताना नव्हती.

गुरुवार, विमानतळ

विमानाला वेळ आहे. काल संध्याकाळचं लिहून टाकतो.

शेवटचं जेवण म्हणून ठकीने एक जरा बरी खाणावळ शोधली होती. माझ्यासाठी भाज्या घातलेला भात, तिच्यासाठी बटाटे आणि शेंगा, तेलावर परतलेल्या. वाढप्याला तिने दोनदा बजावलं. लोणी नको, दूध नको. तो मान डोलवत गेला.

मी ठरवलं होतं, आता बोलायचं. भांडण झालं असलं तरी डेअरीचं काढायचंच. सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. म्हशी पाच होत्या तिथपासून, सायकलवर कॅन बांधून दारोदार फिरलो तिथपासून. मी घसा साफ केला तेवढ्यात तीच बोलली.

"बाबा, तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. डेअरी मी नाही घेणार."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुमचं, आईचं सगळं करीन. कधी काही कमी पडू देणार नाही. तो धंदा मात्र माझ्या हातून होणार नाही. रागवा हवं तर, पण आशेवर नका राहू."

टाळूपासून तळव्यापर्यंत पेटलो. जन्मभराची मेहनत एका वाक्यात पोरीने उडवून लावली! हॉटेल दणाणून सोडायचं म्हणून मी तोंड उघडलं, आणि वाढपी ताटं घेऊन आला.

ठकीने मान खाली घातली आणि काट्याने बटाटा उचलला. तिच्या ताटातून वाफ आली.

"थांब," मी म्हटलं.

"काय?"

"लोणी आहे."

"नाही बाबा, मी दोनदा विचारलंय. तेल म्हणाला तो."

"ठकी, मी हयात घालवलीय लोणी कढवण्यात. खाली ठेव तो काटा."

वाढप्याला बोलावलं. तो हसून "तेल, तेल" म्हणाला. म्हाताऱ्या माणसाची समजूत काढताना हसतात तसा. ते हसणं माझ्या डोक्यात गेलं. मी ताट उचललं आणि सरळ मुदपाकखान्यात शिरलो. आचारी चपापला. शेगडीशेजारी लोण्याची पिवळी वीट, तिच्यात सुरी खुपसलेली. मी तिच्याकडे बोट केलं, मग ताटाकडे. त्याने खांदे उडवले आणि दोन बोटांत चिमूटभर अंतर धरून दाखवलं. एवढंसं. चवीला.

"एवढंसं?" मी ओरडलो. मराठीत. दुसरी भाषा येते कुठे! "तिने नको म्हटलंय ना? मग एवढंसंसुद्धा नको! तिला कळणार नाही असं वाटलं तुला? वर तोंड करून तेल म्हणून सांगतोस? पोरगी आठवडाभर धड जेवली नाहीये माझी, आणि तू तिला फसवून खाऊ घालतोस?"

बाहेरच्या टेबलांवरचे काटे-चमचे थांबले. ठकी मागून येऊन माझी बाही ओढत होती. "बाबा, जाऊ द्या. थोडंसंच आहे. चालेल मला."

"का चालेल? दोन वर्षं मी घरात बोंबलतोय, घोटभर दूध पी म्हणून. तेव्हा माझं ऐकलं नाहीस. आणि या लबाडाचं ऐकून घेतेस?"

आचाऱ्याला शब्द कळले नसतील, पण काय ते कळलं. त्याने दुसरा तवा घेतला. मी तो तवा हाताने पुसून, वास घेऊन परत दिला. तेल ओतलं, बटाटे टाकले. ते होईपर्यंत मी तिथून हललो नाही. मग ताट मीच उचलून आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

तिने खायला सुरुवात केली. आधी हळूहळू, मग भराभर. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती पुसतही नव्हती. "तिखट आहे का?" मी विचारलं. तिने मान हलवली, नाही म्हणून. मग कशाला रडायचं? बटाटे चांगले झाले होते, एक मीही खाऊन बघितला.

माझं मत बदललेलं नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. दूध सोडणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

आत्ता हिचा फोन येऊन गेला. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "म्हणजे तुम्ही लोण्याच्या विरोधात भांडलात? तुम्ही?"

"लोण्याने काय वाकडं केलंय? खोटं बोलला तो, म्हणून भांडलो."

"आणि डेअरीचं?"

"नाही म्हणाली."

"मग? तुम्ही काय म्हणालात तिला?"

मी आठवून बघितलं. बोलायचं तर किती होतं.

"काही नाही. म्हटलं, जेव आधी, गार होईल."